सगळे आले का?

भारतातून परत येताना आपण सगळेच एक गोष्ट न चुकता करतो. सामान मोजतो. चार बॅगा, लोणच्या-पापडांचे एक खोके आणि खांद्यावरची पिशवी मिळून 'एकूण सहा नग' असे घरातून निघतानाच मनाशी पक्के केलेले असते. टॅक्सीतून उतरताना सहा, काउंटरवर सहा, आणि इकडे उतरल्यावर पट्ट्यापाशी उभे राहून पुन्हा मोजणी सुरू. पट्ट्यावर कोणती बॅग आधी येईल हे आपल्या हातात नसते. पाच नग आले आणि पट्टा रिकामा फिरू लागला की पोटात गोळा येतो. सहावा नग मागून येतो आहे, की मधल्या विमानतळावरच राहिला? आणखी थांबायचे, की पाच घेऊन घरी जायचे?

नेमका हाच प्रश्न आपल्या घरातल्या आणि ऑफिसातल्या संगणकांना रोज पडतो. जेथे एकच मजकूर अनेक डिस्कांवर विभागून ठेवलेला असतो, आणि त्या डिस्क हव्या तेव्हा लावता-काढता येतात, तेथे संगणकाला आधी हजेरी घ्यावी लागते. आपल्या घरचे कोण, परके कोण, किती जण आले, किती यायचे आहेत, आणि आलेल्यांत कोणाचे बोलणे ताजे, हे सगळे ठरल्याशिवाय पहिले अक्षरसुद्धा वाचता येत नाही. नोकरीची तीस वर्षे मी या डिस्क आणि त्यांच्यावरचे सॉफ्टवेअर यांच्या सहवासात काढली. तरी या हजेरीची किंमत मला खऱ्या अर्थाने कळली ती निवृत्तीनंतर, आपल्या मंडळाच्या एका कामात. ती हकीकत आधी निम्मी सांगतो. उरलेली निम्मी शेवटी.

दोन पेट्यांची गोष्ट

मंडळातल्या जुन्या मंडळींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचे काम आम्ही काही जण बरीच वर्षे करीत होतो. साठ-सत्तरच्या दशकांत खिशात आठ डॉलर घेऊन उतरलेले लोक, पहिल्या हिवाळ्यातल्या फजित्या, पहिला गणपती कोणाच्या तळघरात बसला, असे सगळे. जुन्या कॅसेटना बुरशी लागू लागली तेव्हा तो ठेवा संगणकावर उतरवला आणि दोन डिस्कांवर ठेवला. दोन्ही डिस्क एकमेकींच्या आरशासारख्या. एकीवर जे लिहिले जाईल ते त्याच क्षणी दुसरीवर. एक बिघडली तरी दुसरी आहे, म्हणून मी निर्धास्त होतो.

२०२३ च्या गणेशोत्सवात हॉलवर मुलाखतींचा कोपरा मांडायचा ठरला. आपल्याच एका सभासदाचा मुलगा, कॉलेजात शिकणारा, हौशी आणि कामसू, घरी आला आणि म्हणाला, "काका, दोन आहेत ना? मग एक डिस्क मी हॉलवर नेतो. कॉपीच तर आहे!" मी स्वयंपाकघरातून "ने, ने" म्हणालो. तीस वर्षे या धंद्यात काढलेल्या माणसाने असे म्हणायला नको होते.

त्याने हॉलवर ती डिस्क एकटीच चालू केली. दोन दिवस मुलाखती ऐकवल्या. दुसऱ्या दिवशी एक आजी भारावून जाऊन म्हणाल्या, "माझेही चार शब्द घे रे." त्याने तेथेच चाळीस मिनिटांची मुलाखत घेतली आणि त्याच डिस्कवर ठेवली. इकडे त्याच दोन दिवसांत मी घरी राहिलेली डिस्क एकटीच चालू करून मुलाखतींची नावे, तारखा आणि गावे यांच्या चुका दुरुस्त करीत बसलो होतो. सोमवारी तो डिस्क परत घेऊन आला. दोन्ही डिस्क टेबलावर शेजारी शेजारी. दिसायला सारख्या, नाव एक, कूळ एक. पण आता दोघींच्या पोटात वेगवेगळे होते, आणि दोघींचीही नोंद सांगत होती की दुसरी गैरहजर होती.

तेथेच थांबू. पुढे काय झाले ते कळण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

एक टनाचे कपाट

आयबीएमने १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथे जगातली पहिली व्यापारी डिस्क तयार केली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरे. आपली कितीतरी मुले-सुना आज ज्या गावात नोकऱ्या करतात तेथलीच ही गोष्ट. हे कपाट एकदा जमिनीवर ठेवले की हलत नसे. त्यामुळे 'डिस्क आली का?' हा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न आला १९६२ मध्ये. आयबीएमच्या १३११ या यंत्रात तबकड्यांचा गठ्ठा काढून दुसरा बसवता येऊ लागला. गठ्ठ्याचे वजन साधारण साडेचार किलो, केक ठेवण्याच्या डब्यासारखे झाकण, वर मूठ. डिस्क पहिल्यांदाच प्रवासाला निघाली आणि तिची ओळख पटवण्याची गरज निर्माण झाली. कोणत्या यंत्रात कोणता गठ्ठा बसवला आहे हे माणसाच्या स्मरणावर सोडले तर पगाराच्या गठ्ठ्यावर गोदामाचा हिशेब लिहिला जायचा!

यावर आयबीएमच्या मोठ्या संगणकांनी काढलेला तोडगा फार शहाणपणाचा होता. प्रत्येक गठ्ठ्याच्या आत, चुंबकीय अक्षरांत, सहा अक्षरांचा एक क्रमांक लिहिलेला असे. संगणक यंत्राच्या जागेवर विसंबून न राहता हा आतला क्रमांक वाचत असे. हवा तो गठ्ठा नसेल तर ऑपरेटरला संदेश येई की अमुक क्रमांकाचा गठ्ठा अमुक यंत्रात बसव. एखादी फाइल दोन-तीन गठ्ठ्यांवर पसरलेली असेल तर तेही एकामागून एक मागवले जात. अनेक डिस्क गोळा करून एक मजकूर वाचण्याचे तंत्र इतके जुने आहे. फरक एवढाच की तेव्हा हजेरी घेणारा एक जिताजागता माणूस होता. गठ्ठा सापडला नाही तर तो फोन करायचा, शोधायचा, किंवा चहा घेऊन परत यायचा. आजच्या यंत्राला ही सोय नाही.

स्वस्त डिस्कांची फौज

१९८० च्या दशकात घरगुती संगणक आले आणि त्यांच्याबरोबर लहान, स्वस्त डिस्क आल्या. बर्कली येथील विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एक निबंध सादर केला. तोपर्यंत मोठ्या संगणकाला मोठी, महाग डिस्क लागते असे गृहीत होते. या तिघांनी हिशेब मांडला की लहान, स्वस्त डिस्कांची फौज एकत्र जुंपली तर ती अधिक वेगाने आणि कमी खर्चात तेच काम करील. या रचनेला त्यांनी 'रेड' असे नाव दिले.

पण त्याच निबंधात दुसरा हिशेबही होता. एक लहान डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर १०० डिस्कांच्या फौजेत पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच होणार. म्हणून जादा नोंद ठेवणे भाग आहे. सर्वांत सोपी पद्धत आरशाची: प्रत्येक गोष्ट दोनदा लिहायची. दुसरी पद्धत बेरजेची. समजा एका डिस्कवर ७ आहे, दुसरीवर ५, तर तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहून ठेवायची. कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोघींवरून तिचा आकडा काढता येतो. प्रत्यक्षात साधी बेरीज नसून सम-विषमाचा हिशेब असतो, पण तत्त्व तेच.

या रचनेमुळे एक नवी अडचण आली. मजकुराचे तुकडे करून ते ओळीने वेगवेगळ्या डिस्कांवर टाकलेले असतात. त्यामुळे नुसत्या सगळ्या डिस्क असून भागत नाही, कोणती पहिली आणि कोणती दुसरी हेही ठाऊक असावे लागते. क्रम चुकला तर सगळा मजकूर कचरा.

आपल्याकडच्या जुन्या पोथ्या आठवा. पोथी शिवलेली नसते, पाने सुटी असतात. रुमालात बांधलेली पोथी हातातून निसटली तर पाने घरभर होतात. म्हणून लेखक प्रत्येक पानाच्या समासात दोन गोष्टी लिहून ठेवायचा: ग्रंथाचे नाव थोडक्यात, आणि पानाचा अंक. एवढ्यावरून दुसऱ्या गावचा, ती पोथी पूर्वी कधी न पाहिलेला माणूससुद्धा पाने लावू शके. पुढची चाळीस वर्षे संगणकाच्या जगात जे घडले ते थोडक्यात सांगायचे तर समासात काय लिहावे याचाच शोध होता.

दारावरची पाटी आणि समासातले नाव

लिनक्स या मोफत प्रणालीचे उदाहरण घेतो, कारण तिचा इतिहास उघड्यावर घडला. १९९६ साली निघालेल्या लिनक्स २.० मध्ये अनेक डिस्क जोडण्याची प्राथमिक सोय होती. कोणत्या डिस्क जोडायच्या ते 'रेडटॅब' नावाच्या एका फाइलीत हाताने लिहायचे: पहिली एसडीए, दुसरी एसडीबी, तिसरी एसडीसी. ही नावे मात्र डिस्कांची नव्हेत. संगणकाला ज्या क्रमाने डिस्क सापडतील त्या क्रमाने त्याने लावलेल्या त्या पाट्या होत्या. मधली एक डिस्क काढली की पुढच्या सगळ्यांची नावे एकेक पायरी खाली सरकत. आज जी एसडीसी ती उद्या एसडीबी. चाळीत 'तिसऱ्या खोलीतले जोशी' अशी ओळख ठेवावी, आणि जोश्यांनी खोली बदलली की त्यांचे पत्र दुसऱ्याच्या हाती पडावे, तसला प्रकार.

उपाय अर्थातच समासातला. प्रत्येक डिस्कवर, तेव्हा शेवटच्या टोकाला, एक छोटी नोंद लिहिली जाऊ लागली. तिला सुपरब्लॉक म्हणतात. तीत संचाची ओळख म्हणून १२८ बिटांचा एक प्रचंड आकडा असतो. तो इतका मोठा की योगायोगाने तसाच दुसरा निघणे जवळजवळ अशक्य. शिवाय या संचात एकूण किती डिस्क, आपण कितव्या, आणि एक घटना-क्रमांक. संच चालू झाला, बंद झाला, एखादी डिस्क गळाली की हा क्रमांक वाढतो. एखादी डिस्क मधे गैरहजर राहिली तर तिचा क्रमांक मागे पडतो, आणि परत आल्यावर तिचा माल शिळा आहे हे ओळखता येते.

त्याच काळात लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच, आपोआप जुळणीची सोय आली. डिस्कच्या विशिष्ट भागावर 'एफडी' असा प्रकार-संकेत लिहून ठेवायचा. संगणक सुरू होताना कर्नल असे सगळे भाग शोधून सुपरब्लॉक वाचत असे आणि संच बांधत असे. छान सोय, पण तिच्यात एक गृहीत दडलेले होते. ही शोधाशोध एकदाच, सुरुवातीला होई. त्या क्षणी जी डिस्क हजर नसेल तिच्यासाठी दार बंद.

२००१ मध्ये नील ब्राउन या ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञाने 'एमडीअ‍ॅडम' हे साधन लिहायला घेतले. त्यानंतर रेडटॅबची गरजच उरली नाही. सगळी माहिती डिस्कांवरच आहे, मग ती वेगळ्या वहीत कशाला? जुन्या सुपरब्लॉकची एक गमतीशीर खोडही पुढे दुरुस्त झाली. तो डिस्कच्या शेवटी असल्याने, डिस्कचा शेवटचा भाग अगदी टोकापर्यंत गेलेला असला, तर ही नोंद त्या भागाची की सगळ्या डिस्कची, हे कळत नसे. नव्या पद्धतीत ती सुरुवातीपासून ४ किलोबाइटवर लिहिण्याची सोय झाली, आणि ती स्वतः कोठे सुरू होते हेही तिच्यात लिहिले जाऊ लागले.

चालत्या गाडीत चढणारे

तोवर दुसरीकडून एक लाट येत होती. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली अधिकृत आवृत्ती निघाली. तिच्या जनकांपैकी एक अजय भट्ट हे इंटेल कंपनीतले अभियंते. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणि पुढे न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत झाले. बडोद्याचे नाव निघाले की आपल्यापैकी कित्येकांचे कान टवकारतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

यूएसबीचा खरा अर्थ असा की संगणक चालू असतानाच वस्तू लावावी आणि काढावी. त्यासाठी साध्या धातूच्या पट्ट्यांतही विचार होता. यूएसबीच्या खुंटीत वीज नेणाऱ्या पट्ट्या माहिती नेणाऱ्या पट्ट्यांपेक्षा किंचित लांब असतात. त्यामुळे आधी वीज पोचते, मग बोलणे सुरू होते. काढताना आधी बोलणे तुटते, मग वीज. २००३ मध्ये आलेल्या साटा या डिस्क-जोडणीतही याच कल्पनेवर जमिनीची पट्टी सर्वांत आधी टेकते. विजेचा झटका न बसता घरात शिरण्याची ही रीत.

धातूने आपले काम केले, पण सॉफ्टवेअरचे पाय लटपटले. आतापर्यंत 'सुरुवात' नावाचा एक क्षण होता. त्या क्षणी सगळ्या डिस्क शोधल्या की काम संपले. आता डिस्क केव्हाही येऊ शकते. तबकड्या फिरून वेगात यायला काही सेकंद लागतात. विजेवर एकदम भार नको म्हणून मोठ्या पेट्यांत डिस्क एकेक करून चालू करतात. संगणकही वेळ वाचवायला अनेक दिशांनी एकाच वेळी शोध घेऊ लागले. त्यामुळे क्रम रोज वेगळा आणि वेळ रोज वेगळी. 'सगळ्या आल्या' असे ज्यावर ठामपणे म्हणता येईल असा क्षणच उरला नाही. या विषयातला सर्वांत मूलभूत बदल हाच.

लिनक्समध्ये यावर आधी डेव्हएफएस नावाची एक व्यवस्था आली. ती फार काळ टिकली नाही. २००३ मध्ये ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' मांडले आणि तेच रुजले. त्याची रीत साधी आहे. डिस्क आली की कर्नल फक्त दवंडी पिटतो की अमुक वस्तू आली. यूडेव्ह ती दवंडी ऐकतो, डिस्कच्या समासातली खूण वाचतो, आणि तिच्या आतल्या ओळखीवरून तिला कायमचे नाव देतो. दारावरची पाटी कोणतीही असो, आतले नाव बदलत नाही. म्हणजे १९६२ मधल्या गठ्ठ्यांचेच शहाणपण, फक्त ऑपरेटरच्या जागी आता नियमांची एक वही.

हजेरीच्या तीन तऱ्हा

पाहुणा ओळखता आला, तरी पंगत कधी वाढायची हे ठरायचे होते. त्याच्या तीन तऱ्हा झाल्या.

पहिली एमडीअ‍ॅडमची, थेंबे थेंबे तळे साचवण्याची. प्रत्येक डिस्क आली की तिला तिच्या कुटुंबात नेऊन बसवायचे आणि पाहायचे की संख्या पुरी झाली का. झाली की संच चालू. नाही झाली तर वाट पाहायची. आजच्या लिनक्समध्ये बहुधा ३० सेकंदांचे एक घड्याळ लावलेले असते. तेवढ्यात राहिलेली डिस्क आली नाही, आणि तिच्याशिवाय भागत असेल, तर संच अपुरा चालू केला जातो.

दुसरी झेडएफएसची. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक, मॅथ्यू अहरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे काम सुरू केले, आणि २००५ मध्ये ते सोलारिस प्रणालीत दाखल झाले. डिस्क जोडणारी व्यवस्था वेगळी आणि फाइली ठेवणारी वेगळी, ही जुनी वाटणी त्यांनी मोडली. फाइल सिस्टिमच आता स्वतःच्या डिस्क ओळखू लागली. प्रत्येक डिस्कवर ओळखपत्राच्या चार प्रती, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी, म्हणजे एक टोक पुसले गेले तरी दुसरे बोलते. यातली मला सर्वांत आवडणारी युक्ती अशी. संचातल्या प्रत्येक डिस्कचा ओळख-क्रमांक असतोच. त्या सगळ्या क्रमांकांची बेरीज करून तो एक आकडा मुख्य नोंदीत लिहून ठेवतात. संच उघडताना हजर डिस्कांच्या क्रमांकांची बेरीज करायची आणि लिहिलेल्या आकड्याशी ताडून पाहायची. जुळली नाही तर कोणीतरी राहिले. 'एकूण सहा नग' म्हणतो ते हेच! शिवाय हा संच शेवटी कोणत्या संगणकाने वापरला तेही लिहिलेले असते. रीतसर निरोप न घेता डिस्क दुसऱ्या संगणकावर नेल्या तर तो हटकतो, आणि जबरदस्ती केल्याशिवाय उघडत नाही.

तिसरी तऱ्हा बीटीआरएफएसची. ओरॅकल कंपनीत असताना ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ही फाइल सिस्टिम जाहीर केली, आणि २००९ मध्ये ती लिनक्समध्ये आली. हिच्या प्रत्येक डिस्कच्या समासात कुळाचे नाव, स्वतःचा क्रमांक, एकूण भावंडे किती, आणि पिढीचा आकडा असतो. बाकीची भावंडे कोठे राहतात ते मात्र लिहिलेले नसते. म्हणून आधी प्रत्येक डिस्कची कर्नलकडे नोंद करावी लागते. यूडेव्ह दर वेळी कर्नलला विचारतो, "हे कुटुंब पुरे झाले का?" 'हो' येईपर्यंत संगणक थांबतो, सहसा दीड मिनिट. तरीही एक जण आला नाही तर तो स्वतःहून अपुरी पंगत वाढत नाही. हात जोडून मालकासमोर उभा राहतो. 'असू दे, अपुरीच उघड' हे माणसाने स्वतः लिहून द्यावे लागते.

किती थांबायचे?

एकाने तीस सेकंदांनी चालू करावे आणि दुसऱ्याने हटून बसावे, यात शहाणा कोण? या प्रश्नावर तज्ज्ञांत वर्षानुवर्षे वाद झाले आहेत, आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

न थांबणाऱ्याचे म्हणणे असे की जादा नोंद ठेवली ती कशासाठी? एक डिस्क गेली तरी काम चालावे म्हणूनच ना? रात्री दोन वाजता इस्पितळाचा संगणक पुन्हा सुरू झाला आणि एका मेलेल्या डिस्कपायी तो हटून बसला, तर आरसा ठेवून काय मिळवले?

थांबणारा म्हणतो, ती डिस्क मेली आहे हे तुला कोणी सांगितले? कदाचित तिला वेगात यायला चाळीस सेकंद लागत असतील. कदाचित केबल ढिली असेल. तू तिच्याशिवाय चालू केलेस की तिचा माल शिळा झाला. उद्या ती आली आणि दुसरी आली नाही, तर तू शिळी घेऊन चालू करशील. मग दोघींवरही वेगवेगळे नवे लिहिले जाईल, आणि एका घराची दोन घरे होतील. आरसा म्हणतो त्याचे दोन दावेदार होतील.

आणखी एक धोका जुळ्यांचा. एखादी डिस्क जशीच्या तशी, अक्षरशः उतरवून घेतली तर समासातले नावही तसेच उतरते. मग एकाच ओळखीच्या दोन डिस्क समोर येतात आणि यंत्राला फरक कळत नाही. बीटीआरएफएसच्या मार्गदर्शिकेत अशा प्रती एकाच संगणकाला एका वेळी दाखवू नका, असा स्पष्ट इशारा आहे.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. 'आलेली नाही' आणि 'कधीच येणार नाही' यांतला फरक यंत्राला बाहेरून कळू शकत नाही. समासात कितीही लिहा, गैरहजर पान स्वतः काही बोलत नाही. तेथे अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज चुकला तर किंमत कोणी भरायची हे आधी ठरवावे लागते. तेवढा भाग आजही माणसाकडेच आहे.

उरलेली निम्मी

आता सोमवारच्या टेबलाकडे परत येऊ. दोन्ही डिस्क एकत्र जोडाव्यात आणि यंत्राला ठरवू द्यावे असा मोह मलाही झाला. हात केबलपर्यंत गेला होता. मग नुसत्या समासातल्या नोंदी वाचून पाहिल्या. माझ्या घरच्या डिस्कचा घटना-क्रमांक मोठा होता. का? तर मी दोन दिवसांत दहा-बारा वेळा संच चालू केला आणि बंद केला होता. मुलाने हॉलवर तो मोजक्या वेळा चालू केला होता. यंत्राच्या नियमाने माझी डिस्क 'ताजी' आणि त्याची 'शिळी'. दोन्ही जोडून आरसा पुन्हा बांधला असता, तर माझ्या डिस्कवरचा मजकूर त्याच्या डिस्कवर चढला असता, आणि आजींची चाळीस मिनिटे गेली असती. माझ्या शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या वाचल्या असत्या!

घटना-क्रमांक किती घटना झाल्या ते सांगतो. कोणती घटना मोलाची ते सांगत नाही. तो नियम खोटा नाही. गैरहजर डिस्कने परगावी स्वतःचा संसार थाटलेला नाही, एवढे गृहीत धरून तो केलेला आहे. ते गृहीत मी स्वयंपाकघरातून "ने, ने" म्हणून मोडले होते.

मग जे पहिल्यापासून करायचे ते केले. दोन्ही डिस्क दोन वेगळ्या संगणकांवर, फक्त वाचनासाठी उघडल्या. दोघींवरचे सगळे तिसऱ्या, कोऱ्या डिस्कवर दोन वेगळ्या कप्प्यांत उतरवले. त्या मुलाला शेजारी बसवून फाइल-फाइल ताडून पाहिली. दोन संध्याकाळी गेल्या. एकीकडची मुलाखत, दुसरीकडच्या दुरुस्त्या, सगळे एकत्र केले. मग एक डिस्क खरी ठरवून तिच्यावर ते लिहिले, दुसरी पूर्ण पुसून तिला नव्याने आरशात घेतली. तिसरी डिस्क मात्र परत केली नाही. ती आता दुसऱ्या सभासदाच्या घरी असते, कारण आरसा म्हणजे प्रत नव्हे हे आम्हा दोघांनाही एकदमच कळले. आरशात चूकही तितक्याच तत्परतेने उमटते.

त्या आजी त्याच हिवाळ्यात गेल्या. त्यांच्या मुलीला ती मुलाखत आम्ही पाठवली. आपल्या आईचा पहिल्या नोकरीचा किस्सा तिने स्वतःसुद्धा कधी ऐकला नव्हता.

मंडळाच्या कपाटात आता दोन्ही डिस्कांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या आहेत: 'दोघी एकत्रच न्या. एकटीला चालू करू नका.' चिठ्ठ्या त्या मुलाने लिहिल्या आहेत. देवनागरीत लिहिताना त्याने 'दोघी' आधी 'दोगी' असे लिहिले होते, मग खोडून दुरुस्त केले. आपल्या घरीही अशा पेट्या असतील, मुलांचे फोटो असतील, आई-वडिलांचे आवाज असतील. एखाद्या रविवारी त्या काढा, मोजा, समासात काय लिहिले आहे ते पाहा, आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. हजेरी घ्यायची ती सगळे हजर असतानाच घेतलेली बरी.